एकोणीस एके

सोलापुरात सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आप्पांनी मला कॅल्क्युलेटर घेऊन दिला, तेव्हा मी सातवीत होते. संक्रांत झाली होती, नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करून आले होते आणि होम मैदानावर पाळण्यांची, भज्यांची, धुळीची गर्दी उसळली होती. धाकटीला बांगड्या हव्या होत्या. मी एका टेबलावर मांडलेल्या काळ्या कॅल्क्युलेटरांपुढून हलेचना. आप्पांनी दोनदा घासाघीस केली, तिसऱ्यांदा पुढे निघून गेल्यासारखं केलं आणि मग घेतला.

घरी येईपर्यंत रिक्षात मी एकच बटण दाबत होते. एक, एक, एक. पडदा भरला: ११११११११. आठ घरं, आठ एक. पुढे काय करायचं ते कळेना म्हणून भागायला लागले. अकराने भागलं तर १०१०१०१. पूर्ण भाग गेला! एकशे एकने भागलं तर १०००१. इथे मात्र गाडी अडली, आणि तीन दिवस अडूनच राहिली. सातने जाईना, तेराने जाईना, सतराने जाईना. शाळेतून आले की दप्तर खांद्यावर असतानाच मी एखादी संख्या घेऊन बघायची. चौथ्या दिवशी त्र्याहत्तर दाबले आणि पडद्यावर अपूर्णांकाची शेपटी नसलेला १३७ उभा राहिला. मी ओरडलेच. आई विड्या वळत बसली होती, तिने आधी सूप सावरलं.

"काय करलालीस गं? उंदीर आला का?"

आठ एक म्हणजे ११ × ७३ × १०१ × १३७. हे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आमचं घर पूर्व भागात होतं. आजूबाजूच्या घराघरांतून मागांचा खडखडाट चालायचा. तो बंद पडला की झोपलेलं पोरसुद्धा जागं व्हायचं. आप्पा टॉवेलच्या कारखान्यात होते. आधी मागावर, मग डोळ्यांना त्रास व्हायला लागल्यावर तपासणीला. आई दिवसाला हजार विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, हजाराचे चाळीस कट्टे. म्हणजे भागाकार आमच्या घरात रोज संध्याकाळी जमिनीवर मांडलेला असायचा.

एका रात्री हिशोब करताना एकोणीस विड्या उरल्या. एकोणीसचा कट्टा होत नाही, त्या उद्यासाठी डब्यात जायच्या. त्याआधी मी त्या घेतल्या आणि फरशीवर ओळी लावत बसले. दोनदोनच्या लावल्या तर एक उरली. तीनतीनच्या लावल्या, एक उरली. चारच्या केल्या तर तीन उरल्या. कशाही मांडल्या तरी चौकोन काही भरेना. शेवटी भिंतीपासून उंबऱ्याकडे एकच लांब ओळ झाली.

"एकोणीस एके एकोणीस," आई पाढा म्हटल्यासारखी म्हणाली, "दुसरं काय होणार?" आणि विड्या गोळा करून तिने डब्याचं झाकण लावलं.

मूळ संख्येची व्याख्या मी नंतर पुस्तकात वाचली, पण ती मला पहिल्यांदा भेटली ती अशी, तंबाखूच्या वासासकट.

आता त्या १ या अंकाबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आप्पा एकदा घरी टॉवेलचा एक कापलेला तुकडा घेऊन आले आणि मला उजेडात धरून दाखवला. टॉवेलला ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, दोन असतात. एक जमिनीचा, तो घट्ट ताणलेला. दुसरा लूपचा, तो सैल सोडलेला. धोटा दोनदा जातो तेव्हा फणी बाणा, म्हणजे आडवा धागा, पूर्ण ठोकत नाही, थोडं अंतर ठेवते. तिसऱ्या बाण्याला ती तिन्ही बाणे एकदम पुढे रेटते. जमिनीचा ताणा जागचा हलत नाही, आणि सैल ताण्याला जायला जागा नसते म्हणून तो वर उसळून गोल होतो. तोच लूप. तुकड्याच्या कडेने पाहिलं की तो नीट दिसतो: वर वाटोळं डोकं, खाली कापडात शिरलेली शेपटी. तो मराठी १ होता. एकाशेजारी एक, हजारो. त्या दिवसापासून मला १११११ असं लिहिलेलं दिसलं की बोटांना टॉवेल जाणवतो.

अकरावीत गणिताच्या सरांनी एकदा तास संपता संपता फळ्यावर एक संख्या लिहिली. एकामागे एक एक काढत गेले, मोजून एकोणीस. "ही फुटत नाही," ते म्हणाले आणि घंटा झाली. माझा विश्वास बसेना. आठ एक मी स्वतः फोडले होते. सहा एक तर फुटाण्यासारखे फुटतात: ३ × ७ × ११ × १३ × ३७. सगळे एकच असलेली, इतकी साधी दिसणारी संख्या अडून बसेल कशी?

घरी जाऊन वहीत उतरवली. ११,११,११,११,११,११,११,११,१११. आणि ती वाचायला गेले तर वाचताच येईना. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० साली, दहापटीने वाढत जाणाऱ्या स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजून बघा, ही अठरा नावं आहेत. अठरा एक लिहिले तर प्रत्येक एकाला उभं राहायला स्वतःच्या नावाची जागा मिळते आणि शेवटचा परार्धावर पोचतो. एकोणीसावा एक परार्धाच्याही पलीकडे पडतो, जिथे यादी संपलेली असते. हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ वही मिटली नव्हती.

शेजारच्या दोन संख्या पाहिल्या की एकोणीस एकांचं वेगळेपण खरं कळतं. अठरा एक घ्या. अठरा म्हणजे तीन सख्खं अठरा, म्हणून ही संख्या तीनतीनच्या सहा गटांत पडते: १११ १११ १११ १११ १११ १११. म्हणजेच १११ गुणिले १००१००१००१००१००१. चादरीवर एकच फूल सहा वेळा उठवावं तसं. सहाचे गट पाडा, नऊचे पाडा, दोनचे पाडा, दर वेळी वेगळा अवयव हाती लागतो. पूर्ण फोडली तर अठरा एकांचे असे तुकडे होतात: ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. या संख्येला निःशेष भागणाऱ्या संख्या भरतात ३८४. वीस एक घेतले तर ११ × ४१ × १०१ × २७१ × ३५४१ × ९०९१ × २७९६१, आणि विभाजक १२८.

दोघींच्या मध्ये ही बसली आहे. विभाजक दोन. एक आणि ती स्वतः.

अठराच्या पुढे एकच एक जोडला की काय होतं ते बघा. अठरा एकांना ३, ७, ११, १३, ३७ सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. त्यांना दहाने गुणून एक मिळवला की एकोणीस एक होतात. त्यामुळे या पाचही जणांना आता बाकी उरते ती एकच. सगळे दरवाजे त्या एकाने बंद केले. मला यात विलक्षण सौंदर्य वाटतं, आज इतक्या वर्षांनीही.

पण हे सगळं एकोणीस ही मूळ संख्या आहे म्हणून झालं, असं म्हणून सुटता येत नाही. मी तशी फसले होते. ओळीची लांबी फुटणारी असेल तर संख्या फुटतेच, पण लांबी न फुटणारी असली म्हणजे संख्याही फुटणार नाही, असा काही नियम नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरा एक २१६४९ × ५१३२३९. तेरा एक ५३ × ७९ × २६५३७१६५३. सतरा एकांनी तर भल्याभल्यांना दमवावं अशी फोड आहे, २०७१७२३ × ५३६३२२२३५७, आणि हा गुणाकार मी एका सुट्टीत कागदावर करून सतराही एक डोळ्यांनी पाहिले आहेत. शेवटच्या बेरजेत एकेका स्तंभाखाली एक उतरत जातो तेव्हा श्वास धरला जातो. मध्येच एखादा शून्य किंवा दोन आला तर? तसं झालं नाही. म्हणजे पाच, सात, अकरा, तेरा, सतरा सगळे फुटले. एकोणीस मात्र अडले.

मग ते अडले हे समजायचं कसं?

दोन संख्यांचा गुणाकार म्हणून ती लिहायची तर त्यातली लहान संख्या वर्गमूळाच्या आत असायला हवी. एकोणीस एकांचं वर्गमूळ १०५ कोटींच्या थोडं वर जातं. म्हणजे १०५ कोटींपर्यंत शोधायचं. इथे दशांश अपूर्णांक मदतीला येतात. एकाला सातने भागलं तर ०.१४२८५७१४२८५७ असे सहा अंक फिरून फिरून येतात. एकाला ४१ ने भागलं तर ०२४३९ हे पाच अंक परत परत येतात. आणि ४१ ने पाचच एकांना भाग जातो! हा योगायोग नाही. दोन, तीन आणि पाच सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. तिचा दशांश जितक्या घरांनी परततो, तितके एक लिहिले की त्या संख्येने त्यांना पहिल्यांदा पूर्ण भाग जातो. आणि परतीची ही लांबी नेहमी त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जे उरतं त्याला भागणारी असते. सातातून एक गेला सहा, परत येणारे अंक सहा. एकेचाळीसातून एक गेला चाळीस, परत येणारे अंक पाच, आणि पाचने चाळीसला भाग जातो.

म्हणजे एकोणीस एकांना भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिच्यातून एक काढल्यावर उरलेल्याला १९ ने भाग जायला हवा. मूळ संख्या विषम, म्हणून २ नेही. म्हणजे ३८ ने. शोध आता ३९, ७७, ११५, १५३, १९१, २२९ अशा ३८च्या टप्प्यांवर आला. १०५ कोटींतून सुमारे पावणेतीन कोटी जागा उरल्या. मिनिटाला एक भागाकार रात्रंदिवस केला तरी बावन्न वर्षांवर जातात. यातल्या ज्या मूळ संख्या नाहीत त्या गाळल्या तरी एका माणसाच्या हातचं हे काम नाही. तरी माणसं त्याच्या मागे लागली. मग १९१६ साली ऑस्कर होपे यांनी सिद्ध केलं की एकोणीस एक ही मूळ संख्याच आहे. तेव्हा आमच्या सोलापुरातल्या जुन्या गिरणीला चाळीस वर्षं होत आली होती. ही गिरणी १८७७ची. भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं गाव, आणि तिकडे दूर कुणीतरी विजेच्या यंत्राशिवाय या संख्येचा कण न् कण तपासत बसलेला. मला ही दोन कामं शेजारीशेजारी ठेवावीशी वाटतात.

यातून निघालेली एक गोष्ट तर मला सगळ्यात जवळची आहे. ज्या मूळ संख्येने एकाला भागल्यावर दशांश बरोबर एकोणीस घरांनी परततो, अशी मूळ संख्या एकच आहे. अनंत मूळ संख्यांमध्ये एकच. ती हीच. तिने एकाला भागलं की येतं ०.००००००००००००००००००९, अठरा शून्यं आणि एक नऊ, आणि पुन्हा अठरा शून्यं आणि एक नऊ.

एकांच्या संख्यांवर आपल्याकडे जीव लावणारा माणूस होऊन गेला तो देवळालीचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, शाळामास्तर. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१, असे चढून उतरणारे वर्ग आणि त्यांचे भाऊबंद यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, कारण त्यांचा विचार डेम्लो स्टेशनवर सुचला. आजचं डोंबिवली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना पहाटे कल्याण मागे पडलं की मी खिडकीशी सरकून बसते. गाडी डोंबिवलीतून जाते तेव्हा फलाटावर दिवे असतात, डबा धरलेली माणसं असतात, आणि मला त्यात एक कोटातला मास्तर दिसतो. नऊ एकांपर्यंत तो डोंगर १२३४५६७८९८७६५४३२१ असा सरळ चढतो. दहाव्या एकापासून हातचे यायला लागतात आणि शिखर ढासळतं.

एकोणीसनंतर तेवीस एक फुटत नाहीत, हे १९२९ साली ठरलं. त्यानंतर थेट ३१७. मग १०३१. मग ४९०८१ एकांची ओळ, जिची सिद्धता २०२२ साली पूर्ण झाली, आणि पुढच्याच वर्षी ८६४५३ एकांची. अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

मी आता गणितच शिकवते, सोलापुरातच. मुलं विचारतात, "मॅडम, याचा उपयोग काय?" मी त्यांना आप्पांच्या तपासणीच्या टेबलाबद्दल सांगते.

आप्पांच्या टेबलावर टॉवेलचा तागा यायचा. ते डावा हात खाली आणि उजवा हात वर ठेवून तो ओढत न्यायचे. कुठे लूप तुटला असेल, ताणा सुटला असेल, तेलाचा डाग असेल, तर हात आपोआप थांबायचा आणि ते तिथे खडूची खूण करायचे. एकदा मी विचारलं, "आप्पा, चांगला टॉवेल कसा ओळखायचा?" ते म्हणाले, "खराब माल एका बोटानं दाखवता येतोय बघ. हे इथं. चांगल्या मालाला असं बोट ठेवायला जागाच नसते. तो सगळाच्या सगळा हाताखालनं जाऊ द्यावा लागतोय."

सतरा एक फुटतात हे मी एका बोटाने दाखवू शकते: हे बघा, २०७१७२३. पटायला एक गुणाकार पुरतो. एकोणीस एक फुटत नाहीत, हे दाखवायला कुठेही बोट ठेवता येत नाही. सगळा तागा हाताखालून जायला हवा. किंवा असा विचार सापडायला हवा, ज्यामुळे न पाहिलेल्या जागांचीही खात्री देता येईल. ३८च्या टप्प्यांचा विचार त्यातलाच. एका फटक्यात अडतीसातल्या सदतीस जागा तपासून होतात, हात न लावता. आप्पांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्या सदतीस जागांत काही नाही, हे नक्की ना?" मी सिद्धता सांगितली. त्यांना सगळी कळली असेल असं नाही. पण प्रश्न अचूक होता. माझ्या वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचित येतो.

आप्पा आता शहात्तरचे आहेत, म्हणजे एकोणीस चोक. कारखाना केव्हाच सुटला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कान मागांच्या आवाजाने अर्धे गेलेत, पण उजव्या हाताचा पंजा अजून कापडावरून फिरतो तेव्हा मधली बोटं किंचित वर उचललेली असतात. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली होती. आम्ही गच्चीवर बसलो होतो. मी म्हटलं, "चला, पहिली जागा आपण तपासू. ३९, ७७, ११५, १५३ या मूळ नाहीत. पहिली खरी मूळ संख्या १९१."

मी खडूने गच्चीच्या फरशीवर एकोणीस एक काढले. रीत सोपी आहे. डावीकडून एक एक एक खाली घ्यायचा, १९१ जितक्यांदा जातील तितके काढून टाकायचे, बाकी पुढे न्यायची. १, ११, १११. चौथ्या एकाला ११११, त्यातून ९५५ गेले, १५६. पाचव्याला ३३. सहाव्याला १४०. सातव्याला ६४. आई खाली चटईवर बसून बघत होती. आठव्या एकाला बाकी आली ६८.

"अडुसष्ट," आई म्हणाली. "सिद्धरामेश्वराची लिंगं." तिने हात जोडले.

पुढे १०८, १२६, ११५. बाराव्याला बाकी फक्त पाच उरली तेव्हा आप्पा पुढे झुकले, आता जाणार असं त्यांना वाटलं असावं. तेराव्याला ५१. मग १२९, १४५, ११४, १८६, १४२. खडू झिजून नखाएवढा झाला होता. एकोणीसावा एक खाली घेतला, १४२१ झाले. त्यातून १३३७ वजा केले.

"बाकी?"

"चौऱ्याऐंशी."

आप्पांनी फरशीवरची सगळी ओळ डावीकडून उजवीकडे हाताने चाचपली. प्रत्येक एकावरून बोट नेलं. मग तळव्याला लागलेला खडू झटकून म्हणाले, "मग पुढचा घे की."

मी २२९ लिहिले.